जिनिंगच्या कार्यालयातला लॅपटॉप उघडताना

परभणी जिल्ह्यातील मानवतच्या परिसरात एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू झाली की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, सरकीची आणि गाठींची विक्री, ई-वे बिले, जीएसटीची विवरणपत्रे हे सगळे ज्या एका लॅपटॉपवर चालते, तो २०१८ साली घेतलेला आहे. इंटेलचा आय५-८२५०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि १५.६ इंची पडदा असे त्याचे मूळ रूप होते. गेल्या हंगामाच्या अखेरीस तो सुरू होऊन टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत माणसाने चहा पिऊन यावे इतका वेळ लागू लागला, पंखा सकाळपासून घोंघावत राहू लागला आणि टचपॅडची डावी कळ दाबायला जड झाली. हंगाम संपून आवक थांबल्यावर, चैत्रात, मी तो स्वतः उघडायचे ठरवले.

नवा लॅपटॉप घ्यावा असे कार्यालयात बहुतेकांचे मत होते आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. ज्या यंत्रावर बँकेचे आणि कराचे व्यवहार होतात, ते सुरक्षा-सुधारणांविना वापरणे योग्य नाही. मात्र विंडोज ११ साठी इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे बहुतेक प्रोसेसर चालतात आणि आमच्या यंत्रातला प्रोसेसर नेमका त्याच पिढीचा आहे. चार कोरांचा हा प्रोसेसर हिशेबाच्या कामाला आजही भरपूर पुरतो. म्हणजे यंत्राचा मेंदू ठीक होता आणि त्याच्या भोवतीचे भाग थकले होते. नेमके कोणते भाग थकले आहेत हे झाकण काढण्यापूर्वीच कळू शकते, आणि माझ्या मते या सगळ्या कामाचा अर्ध्याहून अधिक हिस्सा तिथेच आहे.

टास्क मॅनेजरमध्ये पाहिले तर साधी फाईल उघडतानाही डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर जाऊन तिथेच थांबत होता. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी जाते आणि ते टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यावर वेगळा लागतो. त्यामुळे विखुरलेल्या लहान नोंदी वाचताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभराच्या घरात वाचने करू शकते, तर एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसल्याने तिथे हाच आकडा हजारोंमध्ये जातो. त्यात ४ जीबी रॅम पुरेना झाली की विंडोज उरलेला मजकूर त्याच संथ डिस्कवर ठेवते आणि पुन्हा उचलते, म्हणून दोन्ही दोष एकमेकांना वाढवत होते. डिस्कच्या आरोग्याची नोंद दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही खराब सेक्टर बदलून घेतल्याची खूणही आली होती. असा इशारा दिसला की ती डिस्क हिशेबाच्या मूळ प्रतीसाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तापमान हा तिसरा मुद्दा होता. विवरणपत्र भरताना प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे जात होता. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांची आहे. तिच्याजवळ पोहोचताच तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि माणसाला वाटते की यंत्र म्हातारे झाले. आमच्याकडे वैशाखात खोलीतलेच तापमान चाळिशी ओलांडते. पंखा कितीही जोरात फिरला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे थंड प्रदेशात जी ढिलाई खपून जाते ती मराठवाड्यात खपत नाही. जड झालेल्या टचपॅडचे कारण मात्र वेगळे होते. या रचनेच्या यंत्रांमध्ये बॅटरी हाताचा तळवा टेकतो त्या भागाखाली असते आणि ती फुगली की टचपॅडला खालून दाब बसतो. विंडोजचा बॅटरी-अहवाल काढला, तेव्हा मूळ क्षमतेच्या निम्मीही क्षमता उरलेली नव्हती.

निदान झाल्यावर मी त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली. डेल, एचपी आणि लेनोवो या कंपन्या आपल्या बऱ्याच मॉडेलांच्या अशा पुस्तिका खुल्या ठेवतात, आणि कोणता स्क्रू कुठे आहे, कोणता भाग कशानंतर काढायचा, हे त्यांत चित्रांसह दिलेले असते. नेटवरच्या चित्रफिती मी पाहिल्या, पण त्या बहुधा जवळपासच्या दुसऱ्याच मॉडेलच्या असतात. सुट्या भागांची खरेदी पुस्तिकेवरूनच करावी. रॅमच्या दोन खाचा आहेत, दोन्ही डीडीआर४ या पिढीच्या रॅमच्या आहेत आणि प्रोसेसर २४०० वेगापर्यंतची रॅम चालवतो, हे त्यातून कळले. बाजारात सहज मिळणारी ३२०० वेगाची पट्टी अशा यंत्रात सहसा २४०० वेगानेच चालते, म्हणून तिला अडचण नव्हती. आधीच्या पिढीची, डीडीआर३ ची, पट्टी मात्र चालत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, आणि मधली खाचही वेगळ्या जागी असते. मी ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, कारण दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो.

एसएसडीच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागली. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, एम.२ ची एक मोकळी जागा होती आणि तिथे २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब पट्टी बसत होती. परंतु एम.२ हे केवळ जागेचे आणि आकाराचे नाव आहे. त्या जागेत माहितीच्या देवाणघेवाणीच्या साटा पद्धतीची पट्टी चालते, एनव्हीएमई पद्धतीची चालते की दोन्ही चालतात, हे प्रत्येक मदरबोर्डवर वेगळे असते. पट्टी व्यवस्थित आत बसली म्हणजे ती चालेलच असे नाही. आमच्या यंत्रात दोन्ही चालतात असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते, म्हणून मी ५०० जीबीची एनव्हीएमई पट्टी घेतली. साटाची मर्यादा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास असते आणि एनव्हीएमई तिच्या कितीतरी पुढे जाते, तरी आमच्यासारख्या कामात फिरत्या डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे जाणे हाच मोठा फरक आहे. ज्यांच्या यंत्रात फक्त साटा चालते त्यांनी त्यासाठी हळहळू नये.

बॅटरी घेताना मॉडेलच्या नावापेक्षा जुन्या बॅटरीवरचा भाग-क्रमांक, व्होल्टेज आणि वॅट-तास जुळवावेत. आमच्याकडे ती छत्रपती संभाजीनगरहून मागवावी लागली आणि ती हातात येईपर्यंत मी यंत्र उघडले नाही. अर्धे उघडलेले यंत्र टेबलावर सुटा भाग येण्याची वाट पाहत राहिले की स्क्रू हरवतात आणि वायरींवर धूळ बसते.

उघडण्याच्या आदल्या दिवशी सगळा हिशेब दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घेतला आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून तपासली. न तपासलेल्या प्रतीवर मी विसंबत नाही. टॅलीचा परवाना जुन्या मांडणीतून आधी परत केला, म्हणजे नव्या मांडणीत तो विनासायास सुरू करता येतो. डिस्क कुलूपबंद असेल तर बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ अंकी चावी यंत्राबाहेर लिहून ठेवायला हवी, कारण पुढे त्याच डिस्कमधून काही वाचायचे झाले तर त्या चावीशिवाय ती उघडत नाही. विंडोज ११ बसवण्यासाठी एक पेन ड्राईव्ह तयार केला. त्याला किमान ८ जीबीची जागा लागते. बॅटरी पाव भागाच्या खाली उतरू दिली, कारण भरलेली लिथियम बॅटरी चुकून दुखावली गेली तर तिच्यातून बाहेर पडणारी ऊर्जाही तितकीच जास्त असते.

कामासाठी कार्यालयातली शहाबादी फरशीची मागची खोली निवडली आणि छताचा पंखा व कूलर दोन्ही बंद ठेवले. घाम आला, तरी पंख्याच्या वाऱ्याने सुटलेली पट्टी उडणे किंवा बाहेरचा कचरा आत जाणे परवडणारे नव्हते. आमच्याकडचा कोरडा उन्हाळा आणखी एका कारणाने लक्षात ठेवावा लागतो. हवेत ओलावा नसला की अंगावर स्थिर वीज साठते, आणि माणसाला जाणवतही नाही इतक्या कमी दाबाची ठिणगी रॅमच्या किंवा एसएसडीच्या सूक्ष्म भागांना मारू शकते. मी सुती सदरा घातला होता, पायांत काही नव्हते आणि मनगटी पट्ट्याचा चिमटा लॅपटॉपच्या आतल्या धातूच्या चौकटीला लावला होता. पट्टा भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला जोडण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण आमच्याकडच्या जुन्या इमारतींत त्या पिनेमागे खरी अर्थिंग असेलच याची खात्री नसते. शरीर आणि यंत्र एकाच पातळीवर आणणे हा पट्ट्याचा हेतू आहे आणि तो चौकटीने साधतो.

डीव्हीडी ड्राईव्हचा एकच स्क्रू काढून ती बाजूला ओढली, मग तळाचे स्क्रू काढले. त्यांतले दोन मागच्या रबरी पट्टीखाली झाकलेले होते आणि पुस्तिका नसती तर ते दिसलेच नसते. झाकण निघत नाही म्हणून जोर लावला की आतले प्लास्टिक तुटते ते बहुधा अशा लपलेल्या स्क्रूंमुळेच. एका पुठ्ठ्यावर यंत्राच्या तळाची आकृती काढली होती आणि प्रत्येक स्क्रू काढताच तो आकृतीतल्या त्याच्याच जागी टोचून ठेवला. स्क्रूंची लांबी सारखी नसते. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो मदरबोर्डमध्ये किंवा वरच्या आवरणात घुसतो. झाकणाच्या चापा मात्र जुन्या एटीएम कार्डाने, बिजागरीकडून सुरुवात करून, एकेक टक आवाज येईपर्यंत सावकाश सोडवल्या.

आत पहिले काम बॅटरीचे. तिचा जोड वायरींना न ओढता, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या पातळ कांडीने पुढे सरकवून सोडवला आणि उरलेला प्रवाह जिरावा म्हणून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले. बॅटरीच्या तीन सेलांपैकी मधला सेल स्पष्ट फुगलेला होता. आतले द्रावण विघटित होऊन वायू तयार झाला की वरची चांदीच्या रंगाची पिशवी ताणली जाते, आणि उष्णता व सतत पूर्ण चार्ज या दोन्हींमुळे हे लवकर घडते. आमचे यंत्र हंगामभर सकाळपासून रात्रीपर्यंत चार्जरला जोडलेलेच असे. तिची चौकट धरणारे स्क्रू काढून ती न वाकवता, न दाबता उचलली आणि बाहेरच्या पडवीत कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवली. फुगलेल्या सेलला टाचणीने टोचून हवा काढण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. तो आगीला निमंत्रण देणारा आहे आणि कोणीही करू नये.

त्यानंतर पंख्याकडे वळलो. जिनिंगच्या आवारात हंगामात हवेतच रुई असते. कपड्यांवर, वह्यांवर, दिव्यांवर तिचे बारीक तंतू बसतात आणि लॅपटॉपचा पंखा ते दिवसभर आत ओढत राहतो. पंख्याच्या घराचे झाकण उचलल्यावर पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसली, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटले असते. खरा अडसर पात्यांच्या पुढे, तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या पातळ जाळीच्या तोंडाशी होता. तिथे रुई आणि काळ्या मातीची धूळ एकत्र दाबली जाऊन जुन्या घोंगडीच्या तुकड्यासारखा जाड, करडा पट्टा तयार झाला होता. चिमट्याने त्याचे एक टोक धरून उचलले तेव्हा तो जाळीच्या पूर्ण लांबीइतका एकसंध निघाला आणि त्याच्यामागे तांबूस, चकचकीत पाती दिसली. आत आलेली गरम हवा बाहेर जायला मार्गच उरला नव्हता. नवी रॅम आणि नवी एसएसडी घालून हा पट्टा तसाच ठेवला असता, तर यंत्र वेगाने सुरू झाले असते आणि पुन्हा तापून मंदावले असते.

कारखान्याचे फिटर मामा दारातून पाहत होते. ते म्हणाले, "मुनीमजी, कॉम्प्रेसरची हवा मारू का? दोन मिनिटांत चकाचक होतंय." मी म्हणालो, "नको मामा, त्या हवेत पाणी अन् तेल येतं, अन् तिचा दाब या पात्यांना झेपायचा नाही." त्यांना ते लगेच पटले, कारण कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी ते स्वतःच वेळोवेळी सोडून देतात. मग त्यांनीच एक मऊ, कोरडा रंगाचा ब्रश आणून दिला आणि मी पंख्याची पाती बोटाने स्थिर धरून जाळीतला उरलेला कचरा बाहेरच्या दिशेने झटकला. पाती मोकळी सोडून जोराची हवा मारली तर ती नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरतात आणि बेअरिंग झिजते.

पंखा उघडलाच होता म्हणून तांब्याची नळी आणि तिचा ठोकळाही काढला. त्याच्या स्क्रूंजवळ १ ते ४ असे आकडे कोरलेले असतात; सोडताना उलट क्रमाने, एकेकाला थोडे थोडे ढिले करावे लागते. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळून भुकटी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली. कारखान्यात कापूस मुबलक असला तरी इथे तो वापरू नये, कारण त्याचा एखादा तंतू पेस्टमध्ये अडकतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरची सिलिकॉनची चकती उघडी असते आणि तिचा कोपरा चटकन टवका जाण्याइतका ठिसूळ असतो, म्हणून मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून ठोकळा सरळ खाली टेकवला आणि आकड्यांच्या क्रमाने, पुन्हा थोडे थोडे करून, स्क्रू आवळले.

रॅम बसवणे त्या मानाने सोपे होते. दोन्ही बाजूंच्या धातूच्या चापा बाहेर सरकवल्या की जुनी पट्टी आपोआप तिरकी उठते. नवी पट्टी खाच जुळवून त्याच तिरक्या कोनात पूर्ण आत सारायची आणि मग खाली दाबायची, म्हणजे दोन्ही चापा एकदम बसतात. सोनेरी पिनांची रेघ बाहेर दिसत असेल तर पट्टी पुरती आत गेलेली नाही. एसएसडीही तशीच तिरकी आत जाते आणि तिच्या टोकाला एक बारीक स्क्रू लागतो. जुनी हार्ड डिस्क काढताना तिची चपटी रिबन केबल सोडवायची होती, आणि या सबंध कामात सर्वांत नाजूक जागा मला तीच वाटली. केबल ज्या जोडात असते त्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीची एक काळी पट्टी असते. ती नखाने वर उभी केली की केबल काहीही जोर न लावता बाहेर येते, आणि पट्टी न उचलता केबल ओढली तर जोडच उखडतो. तो सुटा जोड मिळत नाही. मग पुढचे काम सोल्डरिंगचे सूक्ष्मदर्शक असणाऱ्या कारागिराकडेच होते.

नवी बॅटरी जोडून, झाकण नुसते टेकवून, एकही स्क्रू न लावता यंत्र आधी सुरू करून पाहिले. पडदा बराच वेळ काळा राहिला. रॅम बदलल्यावर मदरबोर्ड पहिल्यांदा नव्या पट्ट्यांची चाचणी घेतो आणि त्याला वेळ लागतो. घाबरून बटण दाबत बसू नये. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, १६ जीबी रॅम आणि नवी एसएसडी दोन्ही दिसल्यावर यंत्र बंद करून झाकणाच्या चापा बसवल्या आणि पुठ्ठ्यावरून एकेक स्क्रू आपापल्या जागी परत गेला. बायोसमधली टीपीएमची, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची, सोय चालू करून विंडोज ११ कोरी बसवली. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असल्याने डिस्क बदलूनही तो आपोआप लागू झाला. टॅली, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि प्रिंटर यांतच खरा वेळ गेला.

आता यंत्र सुरू होऊन टॅली उघडेपर्यंत अर्धा मिनिटही लागत नाही आणि विवरणपत्र भरताना, बाहेर ४२ अंश असतानाही, प्रोसेसर ७५ च्या आसपास राहतो. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय यंत्राच्या सेटिंगमध्ये होती. ती चालू ठेवली आहे. पंख्याच्या जाळीची तपासणी यापुढे दरवर्षी आवक थांबल्यावर करायची, असे कार्यालयाच्या कामांच्या वहीत लिहून ठेवले आहे.

फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला दिली नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती नवी बॅटरी देणाऱ्या सेवा केंद्राकडेच पोहोचवली. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून जुन्या वर्षांचे हिशेब केवळ वाचण्यापुरती ठेवली आहे.

पुढचे काम वजनकाट्यावरच्या संगणकाचे आहे. काट्याचे दर्शक यंत्र त्याला ९ पिनांच्या सिरियल पोर्टने जोडलेले आहे आणि असा पोर्ट नव्या संगणकांत सहसा मिळत नाही, म्हणून तो संगणकही बदलण्यापेक्षा सुधारणे बरे. त्यातली रॅम डीडीआर३ ची आहे, डिस्क साटाची आहे आणि तिथे रुईपेक्षा ट्रॅक्टरांनी उडवलेला फुफाटा जास्त आहे. मदरबोर्डचा क्रमांक मी टिपून घेतला आहे.